शिगराम आणि माझे बैल

आमच्या ऑफिसात मुद्रितं तपासायला येणाऱ्या काकांनी मला वाचवलं. हे आधीच लिहून ठेवते. पुढचं वाचताना कुणाला माझी बाजू घ्यावीशी वाटेल, आणि ती घेण्यासारखी नाही.

नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत ते ऑफिस होतं. एक जुना मराठी कोश सीडीवर चढवायचं काम आलं होतं. मी भंडाऱ्याकडची. शाळा नववीत सुटली, पण मराठी टायपिंगचा हात चांगला. नोकरी मागताना मी दहावी झाल्याचं सांगितलं होतं आणि सर्टिफिकेट गावाहून मागवते म्हणाले होते. साहेबांना त्याची आठवण होऊ नये म्हणून रोज सगळ्यांच्या आधी येऊन मान खाली घालून बसायची.

कोशाची आमची प्रत कसरीने खाल्लेली. अक्षर लागलं नाही तर काकांना विचारायचं, असा नियम होता. पण त्या आठवड्यात माझं इतक्यांदा विचारून झालं होतं की पुन्हा उठायची धास्ती वाटली. हिला काहीच येत नाही, असं झालं तर? नेमका तेव्हाच 'शिगराम' आला. पुढे 'भाड्याची झाकलेली गाडी' एवढंच उरलेलं, मग भोक. माझ्या डोळ्यांपुढे आमच्याकडची बैलांची दमणी आली, नवरीला सासरी नेतात ती. मी भोक भरून टाकलं: 'हिला बैल जुंपतात. उदा. नवरी शिगरामात बसली.'

कोशाच्या संपादकांकडून ते पान लाल शाईत परत आलं. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचलं, "बैल कुठून आले? शिगरामला घोडा जुंपतात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमच्या भंडाऱ्यात घोड्यांना शिंगं असतात का?"

सगळे हसले. मी "नाही जी" म्हणाले, तेव्हा आणखीच हसले.

"हसताय काय?" साहेब म्हणाले. " महिनाभराचं काम आहे यांचं. अजून कुठे कुठे बैल जुंपलेत कोण जाणे! बाई, तुमची फाइल काढा बघू. ते दहावीचं सर्टिफिकेट आलं होतं का?"

माझ्या हाताला घाम सुटला. गावी आई विड्या वळायची. परत गेले तर तिच्या सुपाशेजारी माझं सूप मांडलं जाणार, हे ठरलेलंच होतं.

"त्यांची फाइल कशाला?" काका खिडकीजवळच्या टेबलावरून म्हणाले. मानसुद्धा वर केली नाही. "त्यांनी मला विचारलं होतं. बैल मी सांगितले."

"तुम्ही? पुण्यात जन्मलात आणि शिगरामला बैल?"

"वय झालं की होतं असं. तुमचंही होईल."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून पुढचं पान टाइप करायला घेतलं. माझी फाइल कपाटातच राहिली. पुढच्या आठवड्यात साहेबांनी काकांना गोड शब्दांत सांगितलं, आता तुम्ही आराम करा.

काका निघाले तेव्हा मी त्यांच्या मागे जिना उतरले. "काका, खोटं का बोललात जी?"

"तुमच्या वेलांट्या चुकत नाहीत म्हणून. आता खरा अर्थ लिहून घ्या, नाहीतर पुन्हा बैल येतील."

मी हातावरच लिहून घेतलं. पालखीला चाकं लावून घोडा जुंपावा, तशी बंद गाडी. "टांग्यात बसलेला माणूस अख्ख्या पेठेला दिसतो. शिगरामला झडपा असायच्या. माझ्या आत्या त्यातून शाळेत जायच्या. नाव शीघ्र वरून आलं म्हणतात, पण आत्यांचा घोडा कोपऱ्याकोपऱ्यावर विचार करायचा." मी हसले, आणि लगेच रडू आलं. ते म्हणाले, "आणि वापर लिहा. आजी म्हणायची, 'शिगराम सांगून ठेवा.' आधी गाडी सांगायची, मग आवरायला घ्यायचं. रस्त्यात उभं राहून हात दाखवायचा नाही."

जाता जाता म्हणाले, "सतरा नंबरचा फॉर्म भरा. दहावी बाहेरून देता येते."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

'शिगराम सांगून ठेवा' हे काकांचं वाक्य कोशात गेलं. त्यांचं नाव कुठेच नाही. फॉर्म मी दोनदा आणून ट्रंकेत ठेवला आणि तिसऱ्यांदा भरला. गणितात काठावर सुटले. आमचं ऑफिस आता शहराबाहेर काचेच्या इमारतीत आहे. साहेब तेच आहेत, आणि त्यांनी नुसती हाक मारली तरी अजून माझ्या हाताला घाम येतो. काका सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात. मी कितीदा तरी खाली स्कूटर लावते, पहिल्या मजल्यापर्यंत चढते आणि परत येते. सांगायचं त्यांना नाहीच, साहेबांना आहे.

पण काका, एक दिवस मी दुसरा मजला चढेन. खाली रिक्षा आधीच सांगून ठेवलेली असेल, तुम्ही सावकाश आवरा. मग आपण दोघं त्या काचेच्या इमारतीत जाऊ आणि सगळ्यांसमोर मी साहेबांना सांगेन, ते बैल माझे होते.