चंपाबाईचा डबा

संघदीप,
फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस. अंगठ्यावर समाधान मानायला मी काही तुझी तळावरची साहेब नाही, आत्या आहे. म्हणून कागद घेतला. गावात तुझ्याविषयी दोनच गोष्टी चालतात: आपल्या मेडशीचा पोरगा सीमेवर लढला, आणि मेडशीच्या पोराचं डोकं फिरलं. दोन्ही अर्धवट. पुरतं काय ते मी लिहिते. आणि तुला 'तो' अन् मला 'आत्या' म्हणूनच लिहिते, म्हणजे मधेच तोंड घालायची सोय राहणार नाही.

तर हा देवमन-लिलाबाईचा थोरला. बारावी झाली तसा वायुसेनेत गेला. गावाला वाटलं, विमान चालवणार. तो सांगायचा, मी चालवत नाही, खालून क्षेपणास्त्रं बसवतो. त्यावर पारावर कोणीतरी म्हणालं, "म्हंजे कंडक्टरच म्हना." तेव्हापासून सुट्टीवर आला की पोरं त्याच्याकडे तिकीट मागत.

काम मात्र असं की चूक करायला जागाच नाही. जमिनीवर उभ्या विमानाच्या चाकांना आणि क्षेपणास्त्रांना पोलादी पिना घातलेल्या असतात, प्रत्येकीला लाल फीत. उड्डाणाआधी त्या उपसायच्या, वैमानिकाला हात उंचावून दाखवायच्या आणि थैलीत टाकायच्या. विमान परत आलं की त्याच पिना पुन्हा घालायच्या. चाकाची पिन तशीच राहिली तर वर गेल्यावर चाकं मिटत नाहीत, आणि लढाईत पाय लोंबकळत गेलेलं विमान म्हणजे आयतं सावज. थैलीतल्या पिना मोजल्याशिवाय तिथं कोणी घोटभर पाणीही पीत नाही.

थैली दौलतसिंगकडे असे. तो सार्जंट, संघदीपहून मोठा, शेलूबाजारकडच्या तांड्यातला. सीमेजवळच्या त्या तळावर सगळा कारभार हिंदीत; हे दोघंच वऱ्हाडीत भांडत. दौलतसिंगची आई चंपाबाई. तो सुट्टीवरून निघाला की ती शेंगदाण्याचे लाडू भरून स्टीलचा डबा देई. लाडू निम्म्याहून जास्त संघदीप खाई. दौलतसिंग म्हणे, "खाय लेका. पन रिकामा डबा माही माय घेत नाही. काहीतरी भरून तुलेच द्या लागंन."

त्या उन्हाळ्यात सीमा पेटली. विमानं उतरत, ही माणसं तापलेल्या पंखाखाली घुसत, क्षेपणास्त्रं चढवत, टँकर तेल भरे, की विमान पुन्हा वर. इंजिनाशेजारी काम करून कोपरापर्यंत हात भाजले होते. झोप पंखाखालीच, जेवण क्षेपणास्त्रांच्या गाड्यावर. वैमानिकही माणसंच. एक तरुण साहेब होता, त्याचे हात इतके कापत की हेल्मेटचा पट्टा दौलतसिंगच लावून देई, आणि कोणाला दिसू नये म्हणून आडवा उभा राही.

एका सकाळी, ऊन चढलं असताना, याच साहेबाचं विमान निघालं. संघदीपनं चाकाची पिन उपसली, साहेबाला दाखवली. तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा झाला. थैली दौलतसिंगकडे, पलीकडच्या बाजूला. गाड्यावर लाडवांचा डबा उघडा पडलेला. संघदीपनं पिन त्यात टाकली, झाकण दाबलं, डबा काखेत मारला आणि बंकरकडे पळत सुटला. भूक लागलेल्या माणसाचा हात डब्याकडे जातो, तसा तो गेला. पळताना त्याच्या डोक्यात पिन नव्हती, डबाही नव्हता.

बंकरच्या तोंडाशी वळून पाहिलं तर दौलतसिंग मागे नव्हताच. तो थैलीतल्या पिना बोटांनी चाळत होता. एक कमी. इंजिनाच्या गर्जनेत हाक मारून उपयोग नाही. तो सरळ चालत्या विमानासमोर धावला, हात आडवे करून ते थांबवलं, वाकून तिन्ही चाकं पाहिली. पिन नव्हती. उठून त्यानं साहेबाला अंगठा दाखवला. विमान सुसाट गेलं, आणि उघड्या काँक्रीटवर दौलतसिंग एकटा उरला.

शत्रूचं ड्रोन घरघरत आलं आणि उभं कोसळलं. संघदीप बंकरमधल्या भिंतीवर आपटला. धुरातून पोचला तेव्हा दौलतसिंगचा डावा पाय गुडघ्याच्या वर नुसता कातड्यावर लोंबत होता. पोट फाटलेलं. संघदीपनं पट्टा काढून मांडी आवळली, पोटावर दोन्ही तळवे दाबले, तर बोटांच्या फटींतून गरम रक्त वर येत राहिलं. टँकर पेटला होता, पेटलेला एक माणूस ओरडत धावत गेला आणि पडला. दौलतसिंग एकच गोष्ट बोलला.

"एक पिन कमी हाय बे. पाह्य."

संघदीपच्या काखेतला डबा तेव्हाही काखेतच होता.

गडी तिथंच गेला. रडायलाही सवड नव्हती, कारण विमान परत आलं, आणि चाकाला पिन हवी होती. संघदीपनं रक्तानं चिकटलेल्या हातांनी झाकण उघडलं. लाडवाच्या चुऱ्यातून पिन काढली, पुसली, घातली. साहेब शिडी उतरला आणि दौलत कुठाय म्हणाला. संध्याकाळी मोजदाद पूर्ण भरली. विमान वाचवायला धावला, असं सगळे म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

शवपेटीबरोबर तांड्यापर्यंत संघदीपच आला. भाषणं झाली, बंदुका झाडल्या. चंपाबाईनं त्याचा हात धरून विचारलं, पोराजवळ शेवटी कोण होतं. मी होतो, म्हणाला. ती म्हणाली, मग बरं झालं. डबा त्याच्या पिशवीत होता. रिकामा कसा द्यायचा, असं स्वतःला सांगून त्यानं तो काढलाच नाही.

पुढची सुट्टी ऑगस्टात. आल्या दिवशी आत्याच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं सगळं सांगितलं. आत्यानं डोळे पुसले नाहीत, दाणे भाजायला घेतले.

"लाडू मी करतो," ती म्हणाली. "तोंड तुले उघडा लागंन. तिच्या पोराचा हिशोब तिले कळाले पाह्यजे."

"अन् तिनं मले मारलं तं?"

"तं खाय मार. लाडू खाल्ले ना?"

दुसऱ्या दिवशी दोघं जीपनं शेलूबाजारला उतरले आणि धुऱ्यावरून, शेतांच्या बांधानं, तांड्याकडे निघाले. डबा आत्याच्या हातात. दोन्हीकडे कमरेएवढं सोयाबीन. तांड्यातली टिनाची छपरं दिसायला लागली, आणि मागून घरघर आली.

धुऱ्यालगत जगदेव नावाच्या शेतकऱ्याचं शेत, तिथं त्याचा मुलगा राजू ड्रोननं फवारणी करत होता. हल्ली सगळेच करतात. संघदीपनं आत्याला ढकलून नालीत पाडलं आणि तिच्या अंगावर पडला. मग उठला, कुंपणाचा खांब उपसला आणि औषध भरायला खाली उतरलेल्या ड्रोनवर तुटून पडला. पाती तुटून उडाली, टाकी फुटली, औषध त्याच्या तोंडावर आलं. राजू शिव्या देत धावला. संघदीपनं त्याला चिखलात पाडलं, छातीवर बसला आणि त्याच्याच हातातला रिमोट त्याच्या तोंडावर मारत सुटला. ओठ फाटला, दात पडले, राजूचा आवाज घुसमटला, तरी हात थांबेना.

"सोड त्याले! मरते तो!" आत्या ओरडली.

ऐकू येत असतं तर ना. आत्याच्या हातात डबाच होता. तिनं तोच उचलला आणि भाच्याच्या डोक्यात घातला, दोनदा. दुसऱ्या घावाला तो थांबला. झाकण उडालं, लाडू चिखलात पडले. त्यानं खाली पाहिलं, राजूचं तोंड पाहिलं, आणि त्या चिखलात हातांनी काहीतरी शोधू लागला.

"एक कमी हाय," तो म्हणाला.

राजूचा जबडा तारेनं बांधावा लागला. जगदेवनं तक्रार केली नाही. शिपायावर कोण करतं, म्हणाला, आणि संघदीपच्या बापाकडे, देवमनकडे पाहून थुंकला. संघदीपला लष्करी दवाखान्यात नेलं. तिथून तो परत तळावर गेला. पिना आता दुसरा कोणी मोजतो.

डबा माझ्याकडे आहे. शेलूबाजारला पोचा काढून घेतला, पण डोक्याचा घाव धातूवर राहतोच. लाडू दोनदा केले, दोनदा शेजारच्या लेकरांना वाटले. मी एकटी जाऊन देऊ शकले असते. पण सांगायचं तुला आहे. चंपाबाईचं दार धुऱ्यावरून दिसत होतं, उघडं. तिथवर आपण पोचलो नाही.