बारशाआधीची स्वच्छता

माझ्या अंगावर जंतू आहेत, हा शोध आमच्या घरात आईने लावला. कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर सोरायसिसचे लाल, खवले धरलेले चट्टे उठून चार वर्षं झाली होती, तोवर कुणाला त्याचं काही पडलं नव्हतं. भावाला मुलगी झाली, मी आत्या झाले, बारशाची तारीख ठरली आणि एकदम माझे जंतू सगळ्यांना दिसायला लागले.

भाऊ कोयलीला रिफायनरीत आहे. तिथे अंगावर काही उडालं की आधी धुवायचं, मग बोलायचं. तीच शिस्त त्याने मला लावली: अंघोळीच्या बादलीत रोज दोन झाकणं जंतुनाशक. मी गोत्रीतल्या शाळेत विज्ञान शिकवते, तरी मूर्खासारखं महिनाभर ऐकलं. बाळाला जवळ घ्यायला मिळावं म्हणून घासघासून अंग सोलून काढलं. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम मात्र आधी स्वच्छता होऊ दे म्हणून कपाटात पडून राहिलं.

चट्टे वाढले. वासणा रोडवरच्या त्या डॉक्टरीणबाई माझ्यावर उखडल्या, आणि बरोबरच उखडल्या. जंतूंची वस्ती प्रत्येकाच्या कातडीवर असते, म्हणाल्या, तुमच्या भावाच्यासुद्धा. चट्ट्यांवर त्या वस्तीची घडी, म्हणजे कुठले जंतू किती ते, बदललेली असते. मलमाने दाह उतरतो, तशी ती घडीही थोडीफार सुधारताना दिसते. पण आधी कातडी बिघडते की वस्ती, हे अजून नक्की कळलेलं नाही. जंतुनाशक मात्र कातडी कोरडी करून सोलतं आणि चांगल्या-वाईट सगळ्याच जंतूंना हाकलतं. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांनी मला कागदावर लिहून दिलं.

तो कागद मी घरी दोनदा वाचून दाखवला. आईने मान डोलावली आणि बारशाच्या सकाळी म्हणाली, "नाव तू दुरूनच सांग हं. बाळ नाजूक आहे."

माझं डोकं फिरलं. शेजारच्या गुजराती बेनने एकदा लिफ्टमध्ये विचारलं होतं, "चेपी तो नथी ने?" लागण होत नाही ना, एवढंच तिला हवं होतं. सांगितल्यावर तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. ती परकी बाई. आणि जिने मला न्हाऊमाखू घातलं, तिला माझ्या कातडीची भीती! दुरून सांगायचं तर फोनवर सांगते, म्हटलं, आणि सरळ पाळण्याशी गेले. वहिनीने सरकून मला जागा करून दिली.

मी वाकले आणि बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं. आता आत्याच्या पाठीवर बायकांचे धपाटे पडायचे. आमच्याकडे बारशाची खरी मजा तीच. मी तशीच वाकून थांबले. एकही हात आला नाही. कुणीतरी घुगऱ्यांच्या वाट्या भरायला घेतल्या.

मग आईचा हात आला, इतका हलका, की पदराला लागला, पाठीला नाही. मी उठले नाही.

"नीट मार," मी म्हटलं.