ओल्या दोराने बांधलेल्या टाक्या

माझा थोरला भाऊ मला चारचौघांत पाणीविक्या म्हणायचा. जुनी मेटाडोर घेऊन, तिच्यात दोन लोखंडी टाक्या ठेवून मी बांधकामांवर पाणी पोचवू लागलो, तेव्हापासून आमच्या आंजी गावच्या चौकात त्याचं एकच बोलणं, "लोकं पाणी पाजून पुण्य कमावते, आमचा भाऊ भाडं कमावते." ते मी अजून विसरलेलो नाही.

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात त्याच्याच पोरीचं लग्न होतं. लग्नाच्या सकाळीच गावच्या विहिरीनं तळ दाखवला. वऱ्हाड दुपारी यायचं होतं. त्यानं माणूस पाठवला. मी निरोप दिला, "त्याले स्वतः येऊ दे." तो आल्यावर मी सौदा केला. भाडं नको, पण पाणी आणायला माझ्या शेजारी बसून यायचं. गावानं पाहिलं पाहिजे. तो तोंड पाडून गाडीत चढला.

पिण्याचं पाणी न्यायचं, म्हणून एका भाजीवाल्याच्या मळ्यात टाक्या उतरवून घासल्या. विहिरीवरची मोटार चालू करायला तो मळेवाला तयार नव्हता, मी त्याच्याशी हुज्जत घालत राहिलो. तोवर भावानं टाक्या परत चढवून अंबाडीच्या दोरानं बांधल्याही.

"साखळ्या काऊन नाई लावल्या?"

"जन्मभर बैलबंडीवर गुरांचं कुटार बांधून राह्यलो मी. तू मले शिकवतं?"

मी दोर ओढून पाहिला. तारेसारखा ताठ होता; टाक्या नुकत्याच धुतल्या होत्या, त्यामुळे तो ओला लागला तरी काही वाटलं नाही. टाक्या काठोकाठ भरल्या, कारण अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर गाडी ओढतं, आणि निघालो.

नाल्याच्या उतारावर ब्रेक दाबला आणि दोन्ही टाक्या सरकून आमच्या पाठीमागच्या पत्र्यावर आदळल्या. गाडी तिरपी होऊन काठाशी थांबली. उतरून पाहतो तर उन्हानं वाळलेला दोर लोंबत होता.

"ओला करून बांधलता काय?"

"गाठ पक्की बसते ना. बंडीले तसंच करतो."

"वाळला का ढिला होते तो, दादा. कुटार पडलं तर कोणी मरत नाई. हे तुह्या माह्या टाळक्यावर आलं असतं."

आणखीही बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही.  मग त्यानं हळूच विचारलं, "आता कसं करतं?"

भरल्या टाक्या हलणार नव्हत्या. पण पत्र्याला टेकल्या होत्या, म्हणजे आता पुढे सरकणार नव्हत्या, ते बरंच झालं. त्यानं बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या, त्या मी मागून आणि बाजूंनी ठोकून बसवल्या. साखळ्या तिरप्या टाकून तळाच्या कड्यांत अडकवल्या आणि सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, पिळल्या. तो प्रत्येक कडी हलवून पाहत होता.

वऱ्हाड यायच्या आत पाणी मांडवात पोचलं. संध्याकाळच्या पंगतीसाठी दुसरी फेरी करावी लागणार होती. मी गाडी वळवली, तर नवरीचा बाप पाहुणे सोडून न बोलावता शेजारी येऊन बसला.

"चाल. साखळी मी धरतो."

पाणीविक्या हा शब्द त्यानं मागे घेतला नाही. पण मळ्यावर पोचताच आधी उतरून साखळ्या त्यानंच तपासल्या.