दक्षिणेकडची छत्री

वाडीत माझ्या खोलीसमोरच्या गच्चीवर एक काका रोज सकाळी दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. आंघोळ आटोपली की ते वर येतात, डिशची छत्री दोन्ही हातांनी धरतात आणि तिचं तोंड ईशान्येला वळवतात. मेकॅनिक येऊन ती पुन्हा दक्षिणेकडे लावून जातो. एकदा तो फारच वैतागला, तेव्हा काका म्हणाले, "दक्षिण यमाची दिशा हाय गा. घरात त्याले काहून बोलावू?"

उपग्रह बिचारा वास्तुशास्त्र न वाचताच वर गेलेला. तो आपला दक्षिणेलाच बसून आहे. त्यामुळे काकांच्या टीव्हीवर 'सिग्नल नाही' हा एकच कार्यक्रम चालतो. घरात मात्र सुखशांती नांदते म्हणे.

क्रिकेटची मॅच असली की काका थेट माझ्या खाटेवर येऊन बसतात. परवा मी न राहवून म्हणालो, "काका, माझीही छत्री दक्षिणेकडेच आहे."

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तुमचं काय भाऊ, तुम्ही तं किरायानं राहता. यम आला तं घरमालकाले नेईन."

माझे घरमालक पारशिवनीला असतात. त्यांना मी अजून काही कळवलेलं नाही.