पुलावरचे अण्णा

चहाचा कप आधी खाली ठेवा. नाही, ठेवाच! हा घोटाळा ऐकताना माझ्या एका मैत्रिणीला असा ठसका लागला होता की माझी नवी कोरी चादर कायमची गेली.

तर झालं काय, मी माझ्या सख्ख्या सासऱ्यांना ओळखलं नाही. गर्दीत नव्हे हं. लख्ख उजेडात, डोळ्याला कॅमेरा लावून! बरं, नुसतं ओळखलं नाही एवढ्यावर थांबावं की नाही? भलत्याच माणसाला सासरे समजून त्याच्याकडे बघून मी भर रस्त्यात रडले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवायची आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून नाशिकभर हिंडायची. पंचवटीतल्या गल्ल्या, भाजीबाजार, रिक्षांच्या रांगा, दिसेल ते टिपायचं. पण माझं खरं आवडतं ठिकाण म्हणजे आमच्या नाशिकरोडचा रेल्वेपूल. खालून रस्ता, वरून गाडी. खाली केळ्यांची हातगाडी, बैलगाडी, शाळेची पोरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून आभाळातून चालल्यासारखी आगगाडी!

शेजारणी सासूबाईंना विचारायच्या, "काय हो, तुमची सून एकटीच काय हिंडते गावभर?"

उत्तर अण्णा द्यायचे. अण्णा म्हणजे माझे सासरे. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. त्यातली दोन ते माझ्यासाठी खर्च करायचे. "हिंडू दे. मी चौतीस वर्षं हिंडलोच ना."

ते निवृत्त व्हायला आले तेव्हा माझ्या लक्षात आलं, चौतीस वर्षं गाडीवर काढली, पण गाडीवरचा ह्यांचा एक फोटो घरात नाही! लग्नातला होता, शिर्डीला काढलेला होता. पण पांढरा गणवेश, हातात हिरवा झेंडा, मालगाडीचा शेवटचा डबा, असा एकही नाही.

"अण्णा, तुमची शेवटची फेरी मी टिपणार. पुलाखाली उभी राहते."

"हं," अण्णा म्हणाले. पण संध्याकाळी मी पाहिलं, गणवेशाला त्यांनी स्वतः इस्त्री केली. दोनदा.

शनिवारी अण्णा कामावर निघाले तेव्हा मी विचारलं, "उद्या किती वाजता येईल तुमची गाडी?"

"मालगाडी आहे बाई ती. दहा, अकरा, काय सांगावं."

"मग ओळखू कशी?"

"शेवटच्या डब्यात मी असेन," अण्णा म्हणाले.

ह्यावर मी समाधानाने मान हलवली. प्रत्येक मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एक गार्ड असतोच, हे कळायला काय रेल्वेत असावं लागतं? पण नाही सुचलं!

रविवारी नऊलाच जाऊन उभी राहिले. रोलमध्ये थोडेच फोटो उरले होते. गाडी काही येईना. मग माझा हात शिवशिवायला लागला. पुलाखालून बैलगाडी गेली, काढला. द्राक्षांची पेटी डोक्यावर घेतलेली बाई गेली, काढला. दोन सोडून सगळे संपले, आणि तेवढ्यात शिट्टी झाली!

मालगाडी पुलावर चढली. एक डबा, दोन डबे, चाळीस डबे... संपता संपेना. आणि मग शेवटचा डबा. दारात पांढरा गणवेश, टोपी, मिशी, कमरेवर हात!

"अण्णाऽऽ!" मी केवढ्याने ओरडले! एका हाताने रुमाल हलवतेय, दुसऱ्या हाताने कॅमेरा सांभाळतेय, डोळ्यांतून पाणी. वरच्या माणसाने आधी मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग झेंडा उलगडून अस्सा फडकवला म्हणता! आणि चक्क सलाम ठोकला. मी दोन्ही फोटो काढले. रोल संपला.

कृतकृत्य होऊन मी पुलाजवळच्या टपरीवर गेले. चहा सांगितला, रोल गुंडाळून काढला. मागून आणखी एक मालगाडी धडधडत गेली. शिट्टीही फार वाजवत होती मेली. मी मान वळवली नाही. रोलच संपला होता, बघून करायचं काय?

संध्याकाळी अण्णा आले. "काढलास?"

"एकदम झकास!"

अण्णांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

निरोपाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी, रेल्वेच्या हॉलमध्ये होता. तोवर मी फोटो धुऊन, मोठा करून, चौकटीत बसवून आणला. अण्णांना दाखवायचा नाही असं ठरलं. तिथेच उघडायचा, सगळ्यांसमोर. सूर्य गाडीच्या मागे होता, त्यामुळे चेहरा टोपीच्या सावलीत गेला होता. पण काय रुबाब!

आमचे हे म्हणाले, "अण्णा जरा जाड दिसतात का गं?"

"फोटोत सगळेच जाड दिसतात," मी म्हटलं. कलाशिक्षिका ना मी!

सासूबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. "असेच उभे राहतात बघ. कमरेवर हात ठेवून. शंभरांत ओळखेन मी."

आता सांगा, चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईने शिक्का मारल्यावर मी कशाला शंका घेऊ?

हॉल भरला होता. हार झाले, नारळ झाला, भाषणं झाली. मग मी पुढे जाऊन चौकटीवरचं कापड ओढलं. टाळ्या सुरू झाल्या, आणि मध्येच विझल्या. पुढच्या रांगेतले लोक डोळे बारीक करून फोटो बघू लागले. एकदा फोटोकडे, एकदा अण्णांकडे.

तिसऱ्या रांगेतून एक धिप्पाड गृहस्थ उठले. निफाडकडचे वाघ गार्ड.

"आवो, ह्यो तर मी हाय!"

हॉल असा हसला की पंखे हलले. मला वाटलं, धरणीने मला पोटात घ्यावं. पण थांबा, एवढ्यावर कुठलं भागतंय! वाघांच्या शेजारून त्यांची बायको उठली. कमरेला पदर खोचलेला.

"म्हंजी रुमाल हलवणारी बाई ती तूच का गं?"

"हो," मी पुटपुटले.

"आठ दिस झाले, डोकं खाल्लंय ह्यांनी माझं! पुलाखाली एक बाई व्हती, माझ्यासाठी रडत व्हती म्हनं. मी म्हनलं, नाय वो, तुमच्यासाठी कोन रडतंय!"

"रडत नव्हती का? इचार तिलाच!" वाघ म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला. "इतकी वर्सं झाली गाडीवर. पोरं टाटा करत्यात, पन ती विंजिनाला. मागच्या डब्याकडं कोन बघत नाय. मला वाटलं, आज कुनीतरी बघितलं."

मी रडायच्या बेतात. एवढ्यात अण्णा उठले. त्यांचं भाषण व्हायचं होतं, आणि त्यांच्या भाषणाची कुणालाच आशा नव्हती.

"माझी गाडी वाघांच्या मागून वीस मिनिटांनी आली," अण्णा म्हणाले. "सूनबाई टपरीवर होती. पाठ माझ्याकडे. मी दोन्ही झेंडे हलवले. ड्रायव्हरला आधीच सांगून पुलावर शिट्टी वाजवायला लावली. तिने वळून पाहिलं नाही. चहा फारच चांगला असावा."

पुन्हा हशा. मी कसंबसं म्हटलं, "अण्णा, तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी आनंदात होतीस," अण्णा म्हणाले. "म्हटलं, पोरीने काढलं असेल काहीतरी."

मग त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून वाघांच्या गळ्यात घातला आणि ती चौकट त्यांच्या हातात दिली. वाघांनी ती अशी धरली, जणू काचेत पाणी भरलंय आणि सांडेल. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "खरं सांगू? मला जरा जाडच वाटले होते."

चहाफराळाच्या वेळी आणखी दोन गार्ड माझ्याजवळ आले. एकाने आपली गाडी कधी जाते ते सांगितलं, दुसऱ्याने आपण कोणत्या दारात उभे असतो ते. झालं! मी रेल्वेची फोटोग्राफर झाले.

पण घरी आल्यावर एकच विचार डोक्यात. ती फेरी शेवटची होती. आता पुन्हा कुठून आणायची?

पुढच्या रविवारी सकाळी अण्णा चपला घालून दारात उभे. "चल. कॅमेरा घे."

पहिल्यांदाच ते माझ्याबरोबर हिंडायला निघाले. पुलाखाली पोहोचलो. साधा शर्ट, साधी पँट, हातात भाजीची पिशवी. येताना रिकामी आणू नका म्हणून सासूबाईंनी दिलेली. शिट्टी झाली, मालगाडी पुलावर आली. अण्णांनी पिशवी खाली ठेवली, शर्ट खाली ओढून नीट केला आणि ताठ उभे राहिले. शेवटचा डबा आला तसा त्यांचा उजवा हात वर गेला. वरच्या गार्डाने हिरवा झेंडा दाखवला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत अण्णांनी हात खाली घेतला नाही.

आणि मी? कॅमेरा छातीशी धरून नुसती बघत होते. बटण दाबायचं सुचलंच नाही.

"काढलास?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा. बघतच राहिले."

मला वाटलं, आता तरी रागावतील. अण्णांनी खिशातून कंगवा काढून केसांवरून फिरवला आणि माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभे राहिले.

"हरकत नाही, येईल आणखी एक गाडी. तोवर सूनबाई, मला एकदा नीट बघून घे. नाहीतर पुन्हा दुसऱ्याच कुणाचा तरी काढशील."