चुकलेलं फूल

नव्वदच्या आसपासची गोष्ट. शेतकीची पदविका हातात पडली आणि जालन्याच्या एका बियाणं कंपनीनं मला तीर्थपुरीजवळचा संकरित कापसाचा प्लॉट सांभाळायला दिला. पहिली नोकरी, कंपनीची मोपेड, खिशात डायरी. मी असा काही हवेत होतो की घनसावंगीहून जाताना रस्त्यातल्या म्हशींनाही थांबवून सांगावंसं वाटायचं.

हाताखाली वीस बायांची टोळी, प्रत्येकीच्या ओळी ठरलेल्या. काम नाजूक. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले पिवळे पराग काढायचे, वर खुणेसाठी लाल कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दुसऱ्या वाणाचं फूल घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे बोंड संकराचं, याची खूण. नजरेतून सुटलेली कळी मात्र सकाळी आपोआप उमलते आणि स्वतःचेच पराग घेते. असं फूल तोडून फेकायचं, नाहीतर बियाण्यात भेसळ.

मी रोज सकाळी जमिनीवर फेकलेली ही फुलं मोजायचो आणि तोंड सोडायचो. "काल डोळे घरी ठेवून आल्ता का?" असलं काहीबाही. डोकं गरम, वय कमी, दुसरं काय. आणि काय सांगू, चार दिवसांत जमीन साफ. एक फूल दिसेना. मी डायरीत ऐटीत शून्य लिहायला लागलो. वीस जणींकडून एकही कळी सुटत नाही, हे जरा जास्तच होतंय असं एकदा मनात आलं होतं. पण मोठ्या साहेबांनी निरोप धाडला, "शाब्बास, शनिवारी येतो." सोबत हेही की भेसळ निघाली तर टोळी बदलायची आणि माझ्या नोकरीचंही बघायचं. मी शंका गिळली.

शुक्रवारी सकाळी टोळीच्या मुकादम मावशींनी मला बाजूला घेतलं. दोरा बांधलेलं एक बोंड दाखवलं. बुडाशी वाळके पराग तसेच चिकटलेले.

"हे चुकलेलं हाय, भाऊ."

"मंग तोडलं का न्हाई?"

"तोडलं की तुम्ही वरडता. भीतीनं पोरींचं ध्यान तुमच्याकडंच राह्यतं, त्यानं अजून कळ्या सुटतात. दोरा बांधला की कुणाला कळत न्हाई. आठ दिस झाले."

आधी मला त्यांचा संताप आला. मग उमगलं. या बाया मला भीत होत्या आणि मी साहेबांना. दोरे त्यांनी बांधले होते, शून्यं मी लिहिली होती.

मी सगळ्यांना बांधावर बोलावलं आणि सांगितलं, आजपासून ओरडणं बंद. चुकलेलं फूल सापडलं की मोठ्यानं सांगायचं आणि तोडून टाकायचं. कुणाचा विश्वास बसेना. सगळ्या आपापल्या ओळीत कामाला लागल्या. मग मावशी म्हणाल्या, "माझ्याकडं एक." पलीकडून कुणीतरी, "माझी दोन." तिसरीनं चिडवलं, "काल तुझं ध्यान कुठं व्हतं गं?" आणि सगळा प्लॉट हसायला लागला. दुपारच्या कामाला तर त्या एकमेकींच्या ओळीत डोकावून सांगत होत्या, "अगं, तुझ्या मागं एक राह्यली." मी पिकात नुसता इकडून तिकडं धावत होतो. इतका आनंद मला नोकरी लागल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

शनिवारी साहेब आले तेव्हा सकाळचं काम ऐन रंगात होतं आणि जमिनीवर फुलंच फुलं. त्यांचा चेहरा उतरला. "ही कुणाची चूक?"

 मी डायरी खिशात आणखी खोल सारली.

"यातली सात माझी, साहेब," मावशी म्हणाल्या.

"तीन माझी," दुसरी म्हणाली. मग तिसरी, चौथी. कुणीच मान खाली घातली नाही. आता मी गप्प राहिलो असतो तर जन्मभर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

"साहेब, डायरीतली शून्यं खोटी आहेत. मी ओरडायचो म्हणून यांनी चुकलेल्या फुलांना दोरे बांधून लपवलं. आणि मी तुम्हाला भिऊन लपवलं."

साहेबांनी डायरी मागितली, पानं उलटली, बंद केली. "टोळी हीच राहील," ते म्हणाले, "तूही राहा. पण खोट्या दोऱ्यांच्या ओळी आजच्या आज मोकळ्या व्हायला हव्यात." मग माझ्याकडं न बघता त्यांनी मावशींना विचारलं, "कोणत्या ओळी, मावशी?"

मावशी पुढं झाल्या. त्या थांबल्या ती पहिली ओळ त्यांची स्वतःची होती. पदर खोचून त्या खाली वाकल्या आणि बोंडं तोडायला लागल्या.