रिकामा चौकोन

मृत्यूला नमवणारा एक माणूस माझ्या परिचयाचा आहे. ते सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, निवृत्त बँक अधिकारी आहेत आणि रिकामेपणाला भितात. रिकामा पाळणा हलवू देत नाहीत, रिकामी कात्री चालवू देत नाहीत. शेजाऱ्याचा डबा परत करताना त्यात चिमूटभर साखर तरी टाकतातच. निवृत्तीनंतर हे साहेब वेबपेज करायला शिकले आणि ही भीतीही सोबत घेऊन गेले. आमच्या इमारतीतले म्हातारे रविवारी गच्चीवर एकत्र नाश्ता करतात. त्यासाठी त्यांनी एक पान केलं: प्रत्येक नावापुढे चौकोन, येणाऱ्याने त्यात बरोबरची खूण करायची, शनिवारी यादी आचाऱ्याला जाणार. पण चौकोन रिकामा राहणं अशुभ! म्हणून त्यांनी पानामागे अशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली की खूण काढून टाकली तरी क्षणात परत उमटावी.

तळमजल्यावरचे अण्णा वैतागले. "साहेब, उद्या अक्कलकोटला चाललोय. खूण काढली तर परत येतीया. भारलंय का काय तुमचं पान?"

"चाललोय म्हणू नये, येतो म्हणावं," साहेब म्हणाले. "मग खूण बरोबरच आहे की."

अण्णा निमूटपणे उपीट खायला आले.

पुढे अण्णा वारले. सुतक फिटल्यावरच्या रविवारी त्यांच्या नावाचं ताट आलं. कुणी त्याला हात लावला नाही. मी फोनवर त्यांची खूण काढली. ती आवाज न करता परत आली. भुतांवर माझा विश्वास नाही. मी फोन फक्त पालथा ठेवला.

मग मी साहेबांकडे बसलो असताना अण्णांच्या पत्नी वर आल्या. "भावजी, ते येणार हायेत असं तुमचं पान सांगतंय. रोज दाराची कडी काढून बसतीया मी. लावू का नको?" त्या थट्टा करत नव्हत्या.

साहेब संगणकापुढे बसले. "खूण परत आणणारी ती ओळ पुसून टाका," मी म्हणालो.

"ओळ पुसतो हो. पण मग खूण काढायला बोट कुणाचं?"

शेवटी त्यांनी अण्णांचा चौकोन तेवढा निष्क्रिय केला. खूण राहिली, पण राखाडी, फिकट. वहिनींनी तिच्यावर बोट ठेवलं. ती जाईना, हलेना.

"आता बरंय," त्या म्हणाल्या. "असू द्या हितं." त्या खाली गेल्यावर कडी लागल्याचा आवाज आम्हाला वरपर्यंत आला.

निष्क्रिय केलेला चौकोन खुणेसकट दिसतो, पण आचाऱ्याला फॉर्म पाठवताना ब्राउझर तो सोबत पाठवत नाही. पुढच्या रविवारी एक ताट कमी आलं.